उमेदवाराचे अग्रक्रम आणि प्रांताची अखत्यारी

कॅनडातील प्रांतिक निवडणुकीत स्थानिक उमेदवाराच्या पत्रकावर जे तीन-चार अग्रक्रम छापलेले असतात, ते मतदाराला उमेदवाराचे मनोगत वाटणे स्वाभाविक असले, तरी प्रत्यक्षात पक्षाच्या मध्यवर्ती कार्यालयातून आलेला जाहीरनामा, दारोदार फिरताना कानावर पडलेली गाऱ्हाणी आणि राज्यघटनेने प्रांताला नेमून दिलेली अखत्यारी या तिन्हींच्या ओढाताणीतून तो मजकूर घडलेला असतो. ही ओढाताण सोडवण्याचे काम प्रचारकार्यालयात धोरणविषयक टिपणे तयार करणाऱ्या कार्यकर्त्याच्या वाट्याला येते. ऑन्टारियो प्रांतातील ब्रॅम्प्टन शहरात २०१८, २०२२ आणि २०२५ या तीन निवडणुकांत केलेल्या अशा कामातून जे हाती लागले त्याची ही मांडणी आहे. तिचा मुख्य मुद्दा असा, की स्थानिक उमेदवाराच्या अग्रक्रमाची किंमत करताना आश्वासन किती मोठे आहे हे पाहण्याआधी, ते पुरे करायचे तर कोणते खाते, कोणता कायदा किंवा अर्थसंकल्पातील कोणती तरतूद हलवावी लागेल हे त्यात स्पष्ट म्हटले आहे की नाही, ते पाहिले पाहिजे.

ऑन्टारियोच्या विधिमंडळात एकच सभागृह असून २०१८ पासून त्यात १२४ जागा आहेत, आणि टोरोंटोच्या शेजारी वसलेल्या ब्रॅम्प्टनच्या वाट्याला त्यांपैकी पाच येतात. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,५६,४८० भरली, म्हणजे एका आमदारामागे साधारण एक लाख तीस हजार माणसे झाली. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सव्वाअकरा कोटी लोकसंख्येला विधानसभेच्या २८८ जागा, म्हणजे आमदारामागे जवळपास चार लाख माणसे येतात, हे लक्षात घेतले तर ब्रॅम्प्टनमधील उमेदवार मतदाराला बराच अधिक गाठता येण्याजोगा असतो. मात्र महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ज्या एका गोष्टीची सवय असते ती तेथे नाही: आमदाराला मतदारसंघात खर्च करण्यासाठी स्थानिक विकास निधी मिळत नाही, आणि म्हणून सभामंडप, रस्त्याचा तुकडा किंवा शाळेची वाढीव खोली अशी नजरेत भरणारी कामे उमेदवाराला स्वतःच्या नावावर कबूल करता येत नाहीत. त्याच्या हाती सभागृहातील प्रश्न, खाजगी विधेयक, सह्यांची निवेदने, समितीतील बैठक आणि पक्ष सत्तेवर असेल तर मंत्र्याच्या कानी गोष्ट घालण्याची संधी एवढीच साधने असतात. अग्रक्रमाचे वाक्य लिहिताना या साधनांचा विसर पडला, की ते वाक्य पोकळ होते, आणि मतदाराला ते पोकळ आहे हे कळायला वेळ लागत नाही.

प्रांताच्या अधिकारांचा पाया १८६७ च्या घटनात्मक कायद्यात आहे. त्याच्या ९२ व्या कलमाने रुग्णालये, नगरसंस्था, मालमत्ता व नागरी हक्क हे विषय प्रांतांकडे दिले आणि ९३ व्या कलमाने शिक्षण दिले; नागरिकत्व, बँका, गुन्हेगारी कायदा हे विषय संघराज्याकडे राहिले. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते, पण मतदार आपली अडचण कलमांनुसार मांडत नाही. दार उघडणारा माणूस कचऱ्याची गाडी, वाढलेला मालमत्ता कर, मुलाच्या वर्गातील गर्दी, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची लांबलेली तारीख, घरकर्जाचा व्याजदर आणि भावाच्या व्हिसाचा अर्ज हे सारे एका दमात सांगतो, आणि ते त्याच्या आयुष्यात खरोखरच एकमेकांत गुंतलेले असते. ब्रॅम्प्टनमध्ये कचरा उचलण्याची जबाबदारी पील प्रदेश या वरच्या पातळीवरील स्थानिक संस्थेची, शहरातील बस नगरपालिकेची, वर्गखोल्या शाळामंडळाच्या पण त्यांचा पैसा प्रांताचा, व्याजदर आणि व्हिसा संघराज्याचे, अशी वाटणी आहे. मालमत्ता कराच्या बिलात तर शहराचा, प्रदेशाचा आणि शिक्षणाचा असे तीन भाग असून शिक्षणाच्या भागाचा दर प्रांत ठरवतो. रस्त्यांचेही तसेच आहे: घरासमोरचा रस्ता शहराचा, पुढचा मोठा रस्ता कदाचित पील प्रदेशाचा, ४१० क्रमांकाचा महामार्ग प्रांताचा, आणि १९९९ मध्ये प्रांताने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला ४०७ क्रमांकाचा टोलमार्ग एका खाजगी कंपनीच्या ताब्यात.

दारोदार प्रचाराला निघणाऱ्या स्वयंसेवकाच्या हाती मतदारयादीवरून तयार केलेली घरांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे कल नोंदवायची जागा असते. पाठिंबा पक्का, झुकता, विरोधात, घरी नाही, अशा खुणा करून संध्याकाळी ती यादी कार्यालयात परत येते. निवडणूक जिंकण्याच्या दृष्टीने या खुणा महत्त्वाच्या असतात, पण धोरणाचे टिपण लिहिणाऱ्याला त्यांच्याशेजारी कोपऱ्यात खरडलेल्या दोन-तीन शब्दांची अधिक गरज असते, आणि नवख्या स्वयंसेवकाला हे शब्द लिहिण्याची सवय लावणे हे या कामातील सर्वांत चिकाटीचे शिक्षण आहे. ‘आरोग्य’ एवढेच लिहून आणले तर त्यातून काही निघत नाही. ‘वडील, आपत्कालीन विभाग, रात्रभर खुर्चीवर’ असे लिहून आणले, तर त्या गल्लीतील अडचण खाटांची आहे की कुटुंबाच्या डॉक्टरची, याचा अंदाज बांधता येतो. गाऱ्हाणे प्रांताच्या कक्षेत नसेल तेव्हा स्वयंसेवकापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक, ‘बघू, करू’ असे म्हणून पुढच्या घराकडे वळणे. दुसरा, ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगून मोकळे होणे. दोन्ही मार्गांनी मतदार हिरमुसतो. त्याहून अवघड पण प्रामाणिक मार्ग म्हणजे त्या गाऱ्हाण्याचे प्रांताकडे असलेले टोक शोधणे, आणि तीन निवडणुकांचा अनुभव असा, की बहुतेक गाऱ्हाण्यांना असे एखादे टोक असतेच.

परदेशी विद्यार्थ्यांचा प्रश्न याचे सर्वांत बोलके उदाहरण ठरेल. २०२२ नंतर ब्रॅम्प्टनच्या अनेक गल्ल्यांत तळघरातील खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी शेजारी तक्रार करू लागले, आणि तिचा रोख व्हिसा देणाऱ्या संघराज्य सरकारवर असे. विद्यार्थी परवाना संघराज्य देते हे खरे, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या परवान्यांवर मर्यादा घालण्याची घोषणाही संघराज्यानेच केली. परंतु महाविद्यालये प्रांताची आहेत. २०१९ मध्ये ऑन्टारियो सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क दहा टक्क्यांनी कमी करून ते गोठवले, त्याची भरपाई सरकारी अनुदानातून केली नाही, आणि महाविद्यालयांनी तूट भरून काढण्यासाठी कितीतरी पट शुल्क देणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळवला. म्हणजे तळघरातील गर्दीचे एक मूळ प्रांताच्या अर्थसंकल्पात होते. हे दारात उभे राहून दोन मिनिटांत सांगणे कठीण असते. पण सांगितले, की संभाषणाचा सूर बदलतो, शेजाऱ्याचा राग त्या पोरांवरून निघून धोरणाकडे वळतो, आणि उमेदवाराच्या यादीत ‘महाविद्यालयांचे अनुदान वाढवणे आणि प्रवेशसंख्येशी वसतिगृहांची अट जोडणे’ असे एक वाक्य येऊ शकते, जे कोणालाही दोषी न ठरवता नेमके असते. स्थलांतरितांनीच उभारलेल्या या शहरात नवागतांकडे बोट दाखवून मते मिळवण्याचा मोह प्रत्येक पक्षाच्या आसपास घोटाळत असतो, आणि तो टाळण्याचा खरा उपाय म्हणजे कारणांची अशी उकल करून ठेवणे, हे येथे ठामपणे नोंदवले पाहिजे.

ब्रॅम्प्टनमध्ये कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला जो अग्रक्रम डावलता येत नाही तो रुग्णालयाचा. त्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय ‘दुसरे रुग्णालय’ या मागणीतील धग कळत नाही. २००७ मध्ये ब्रॅम्प्टन सिव्हिक हे नवे रुग्णालय सुरू झाले, आणि त्याच वेळी शहराच्या मध्यभागी असलेले जुने पील मेमोरियल बंद करण्यात आले. जुने राहील आणि नवे त्यात भर घालील अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांच्या पदरी पुन्हा एकच रुग्णालय पडले. जुन्याच्या जागी २०१७ मध्ये पील मेमोरियल याच नावाचे केंद्र उभे राहिले, पण तेथे रात्रीच्या मुक्कामाच्या खाटा नव्हत्या आणि आपत्कालीन विभागाऐवजी तातडीच्या उपचारांचा कक्ष होता. या दोहोंतील फरक प्रत्येक निवडणुकीत नव्याने समजावावा लागतो: आपत्कालीन विभाग अहोरात्र उघडा असतो आणि तेथे रुग्णवाहिका येतात, तर तातडीच्या उपचारांचा कक्ष रात्री बंद होतो आणि मोडलेले हाड किंवा चढलेला ताप यांसारख्या मर्यादित अडचणींसाठीच असतो. त्यामुळे छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन आलेले कुटुंब तेथून सिव्हिककडे जाते, आणि सिव्हिकमधील ताण कमी होत नाही. सिव्हिकमध्ये २०१६-१७ च्या एका वर्षात चार हजारांहून अधिक रुग्णांवर मार्गिकांत खाटा टाकून उपचार झाल्याचे अंतर्गत टिपणातून उघड झाले, तेव्हापासून ‘मार्गिकेतील उपचार’ हे शब्द प्रांताच्या राजकारणात रूढ झाले. जानेवारी २०२० मध्ये नगरपरिषदेने शहरात आरोग्यसेवेची आणीबाणी जाहीर केली, जी प्रांताचे लक्ष वेधण्यासाठी केलेली राजकीय कृती होती, कारण नगरपरिषदेला रुग्णालय बांधण्याचा अधिकार नाही.

अशा विषयावर उमेदवाराचे वाक्य लिहिणे सोपे वाटते, पण कस लागतो तो येथेच. ‘ब्रॅम्प्टनला दुसरे रुग्णालय मिळवून देऊ’ हे वाक्य २०१८ पासून सर्व पक्षांच्या पत्रकांवर या ना त्या रूपात आले, आणि प्रत्येकाच्या मनातले दुसरे रुग्णालय वेगळे होते. कोणाला पील मेमोरियलचा विस्तार अभिप्रेत होता, कोणाला संपूर्ण नव्या जागी नवी इमारत, कोणाला त्याशिवाय तिसरेही. मतदाराने विचारले, की ‘खाटा किती, आपत्कालीन विभाग चोवीस तास की नाही, आणि कधी’, तर उत्तर देण्यासाठी प्रांताची बांधकामाची पद्धत ठाऊक असावी लागते. ऑन्टारियोत रुग्णालयाच्या बांधकाम खर्चाचा सुमारे ९० टक्के भाग प्रांत उचलतो. उरलेला भाग आणि बहुतेक यंत्रसामग्रीचा खर्च स्थानिक समाजाने देणग्यांतून व शहराच्या तिजोरीतून उभा करायचा असतो, ज्याला स्थानिक वाटा म्हणतात. ब्रॅम्प्टनच्या नगरपरिषदेने २०२२ मध्ये या वाट्यासाठी १२.५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम मंजूर केली. कष्टकरी, तरुण आणि नुकतीच घरे घेतलेली कुटुंबे जेथे बहुसंख्य आहेत तेथे हा वाटा उभा करणे जुन्या, सधन शहरांपेक्षा किती तरी जड जाते, आणि रुग्णालयांच्या बाबतीत ब्रॅम्प्टन मागे पडण्याचे हे एक कारण आहे, असे टिपणे तयार करताना वारंवार जाणवत गेले. म्हणून २०२२ च्या पत्रकाच्या मसुद्यात स्थानिक वाट्याचा नियम बदलून तो शहराच्या सरासरी उत्पन्नाशी जोडावा, अशी मागणी घालण्यात आली. ती शेवटच्या छपाईत वगळली गेली, कारण एका ओळीत ती समजावता येईना. हा निर्णय प्रचाराच्या व्यवहारात समजण्यासारखा असला तरी तो योग्य होता असे म्हणता येत नाही. ज्या नियमामुळे शहर मागे पडते त्या नियमाचे नावच पत्रकात नसेल, तर निवडून आलेल्या आमदाराला त्याविषयी जाब विचारायला मतदाराच्या हाती काही उरत नाही.

२०२१ च्या अर्थसंकल्पात प्रांताने पील मेमोरियलमध्ये खाटांची इमारत आणि अहोरात्र चालणारा आपत्कालीन विभाग यांना पाठिंबा जाहीर केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय ब्रॅम्प्टनमध्ये सुरूही झाले. दहा वर्षे एकाच मुद्द्यावर दार वाजवत राहिल्याचा परिणाम होतो, हे यावरून दिसते, आणि त्याचे श्रेय एका पक्षाला देणे चुकीचे ठरेल. २०१८ मध्ये शहरातील पाचपैकी तीन जागा विरोधी बाकावरील न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाल्या होत्या आणि त्या काळात हा प्रश्न सभागृहात सतत मांडला गेला. २०२२ आणि २०२५ मध्ये पाचही जागा सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेल्या. मात्र इमारत म्हणजे रुग्णालय नव्हे. २०१९ च्या १२४ क्रमांकाच्या विधेयकाने सार्वजनिक क्षेत्रातील वेतनवाढ तीन वर्षांसाठी वर्षाला एक टक्क्यावर रोखली, आणि ब्रॅम्प्टनच्या गल्ल्यांत दर काही घरांआड राहणाऱ्या परिचारिका व शुश्रूषा सेवक यांच्या दारात २०२२ च्या वसंतात हाच विषय निघे. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम ठेवला आणि त्यानंतर सरकारने कायदा मागे घेतला. पाळी संपवून आलेली परिचारिका दारात उभी राहून खाटांच्या संख्येविषयी जे बोलते, ते कोणत्याही मध्यवर्ती टिपणापेक्षा अधिक उपयोगी असते, आणि टिपण लिहिणाऱ्याने तिचे म्हणणे ऐकायला वेळ काढला नाही तर उमेदवार इमारतींविषयीच बोलत राहतो.

वाहनविम्याच्या प्रश्नाने वेगळाच धडा दिला. ऑन्टारियोत वाहनविमा सक्तीचा असून तो खाजगी कंपन्या विकतात, पण त्यांचे दर प्रांताचा वित्तीय सेवा नियामक मंजूर करतो, आणि राहत्या भागाच्या टपाल क्रमांकानुसार दर बदलतात, ज्यामुळे अपघाताची कोणतीही नोंद नसलेल्या ब्रॅम्प्टनच्या चालकालाही शेजारच्या गावापेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. या शहरात घरटी दोन-तीन गाड्या असतात, कारण गोदामांतील आणि मालवाहतुकीच्या कामाच्या पाळ्या बसच्या वेळांशी जुळत नाहीत. त्यामुळे विमा हा घरभाड्याखालोखालचा खर्च होऊन बसतो. ‘टपाल क्रमांकावरून दर ठरवण्यास बंदी’ ही मागणी म्हणूनच लोकप्रिय आहे, आणि २०१८ नंतर सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाकांवरून तशी खाजगी विधेयके आली, तरी कायदा झाला नाही. याचे कारण अंकगणितात आहे. एकूण जोखीम तीच राहिली आणि टपाल क्रमांक वगळला, तर ब्रॅम्प्टनचा दर उतरताना दुसऱ्या कोणत्या तरी गावाचा चढतो, आणि त्या गावातही त्याच पक्षाचा उमेदवार उभा असतो. मध्यवर्ती कार्यालय अशा मागणीवर गप्प का बसते, हे यातून कळते. २०१३ मध्ये अल्पमतातील लिबरल सरकारने न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या आग्रहावरून दोन वर्षांत सरासरी १५ टक्के दरकपातीचे वचन दिले होते आणि ऑगस्ट २०१५ ची मुदत उलटली तेव्हा ती कपात निम्म्याच्या आसपास होती. पण आकडा आणि तारीख दोन्ही जाहीर असल्यामुळे सरकारला त्याचा हिशेब द्यावा लागला, हे त्या अपुऱ्या वचनाचेही बळ होते.

२०२५ ची निवडणूक मुदतीपूर्वी, २७ फेब्रुवारीला झाली. नियोजित तारीख जून २०२६ ची असताना अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातशुल्काच्या धमकीला तोंड देण्यासाठी नवा कौल हवा, असे प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनी सांगितले, आणि सुमारे चार आठवड्यांच्या प्रचारात बर्फाचे ढीग तुडवत दारापर्यंत पोहोचणे हेच स्वयंसेवकांपुढचे मोठे काम होऊन बसले. हिवाळ्यात लोक दार अर्धवट उघडतात, बोलणे आखडते घेतात, आणि कोपऱ्यात खरडायच्या शब्दांची संख्या घटते. त्यातच मध्यवर्ती प्रचाराने आयातशुल्काचा एकच विषय लावून धरल्यामुळे स्थानिक अग्रक्रमांची ओळ पत्रकात खाली सरकली. ब्रॅम्प्टनपुरते मात्र हा विषय स्थानिक नव्हता असे म्हणता येणार नाही. शहरातील स्टेलांटिसचा मोटार-कारखाना नव्या जुळणीसाठी २०२३ च्या अखेरीपासून बंद होता, तेथील सुमारे तीन हजार कामगार परत बोलावण्याची वाट पाहत होते, आणि प्रचार चालू असतानाच कंपनीने नव्या गाडीचे काम थांबवल्याची बातमी आली. ज्या प्रचारगटांनी ‘प्रांताचे रक्षण’ या मोठ्या शब्दांच्या जागी या कामगारांना प्रशिक्षणभत्ता किती काळ मिळेल आणि प्रांताने कारखान्याला दिलेल्या मदतीच्या करारात रोजगाराची अट कशी आहे हे प्रश्न विचारले, त्यांचे टिपण वाचायला लोक थांबले. याउलट ४१३ क्रमांकाच्या महामार्गाबद्दल येथे फार लिहिण्याची गरज नाही. मिल्टनपासून वॉनपर्यंतच्या सुमारे ५२ किलोमीटरच्या त्या रस्त्याविषयी प्रत्येक पक्षाची भूमिका वरून ठरून येते आणि स्थानिक उमेदवाराला तिच्यात शब्दही बदलता येत नाही.

या साऱ्या कामातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मतदारयादीत नसलेल्या माणसांची आहे. मत देण्यासाठी कॅनडाचे नागरिकत्व लागते. एका घरात वरच्या मजल्यावर चार मतदार आणि तळघरात पाच-सहा बिगरमतदार प्रौढ राहत असतील, तर यादीवर चार नावे येतात आणि बाजूचे छोटे दार कोणी वाजवत नाही. रुग्णालयातील प्रतीक्षा, भाडे, विमा, कामावरची आजारपणाची रजा या सर्व गोष्टींत प्रांताचा कायदा त्या पाच-सहा जणांनाही तितकाच लागू असतो. किंबहुना महासाथीच्या काळात गोदामांत काम करणाऱ्या ज्या लोकांमुळे पील प्रदेशातील संसर्गाचे प्रमाण चढे राहिले, त्यांतील अनेकांना मताधिकार नव्हता आणि आजारपणाची पगारी रजाही नव्हती. २०१७ च्या कायद्याने दिलेल्या दोन पगारी दिवसांची तरतूद २०१८ मध्ये रद्द झाली होती, आणि एप्रिल २०२१ मध्ये तात्पुरते तीन दिवस देण्यात आले ते मार्च २०२३ ला संपले. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांची स्थितीही वेगळी नसते. कामाच्या परवान्यावर किंवा कायम रहिवासी म्हणून आलेला पुण्या-नाशिकचा अभियंता पक्षाचा स्वयंसेवक होऊ शकतो, पत्रके वाटू शकतो, पण मत देऊ शकत नाही, आणि म्हणून आपल्या अडचणी उमेदवाराकडे मांडण्याचा आपल्याला अधिकारच नाही असे त्याला वाटत असते. तो अधिकार त्याला आहे. आमदाराचे कार्यालय मतदारांचे म्हणून नव्हे, मतदारसंघातील सर्व रहिवाशांचे म्हणून चालते, आणि टिपण लिहिणाऱ्याने बाजूचे दारही वाजवले तरच त्या यादीला मतदारसंघाची यादी म्हणता येते. २०२२ मध्ये संपूर्ण प्रांतात सुमारे ४४ टक्केच मतदान झाले आणि ब्रॅम्प्टनच्या मतदारसंघांत ते आणखी कमी होते. त्यात ज्यांना मताधिकारच नाही त्यांची भर घातली, की उमेदवाराचे अग्रक्रम किती थोड्या लोकांच्या पसंतीवर ठरतात हे ध्यानात येते.

मतदानानंतर विजयी उमेदवाराच्या कार्यालयात येणाऱ्या कामांचे स्वरूप पाहिले, तर पत्रकावर जे नव्हते तेच तेथे अधिक दिसते: आरोग्यपत्राचे नूतनीकरण, अपंगत्व साहाय्याचा अडकलेला अर्ज, कामावरील इजेची भरपाई, आणि या सर्वांहून अधिक घरमालक-भाडेकरू मंडळापुढील रखडलेली प्रकरणे. हे मंडळ प्रांताचे असून राहत्या घरांच्या भाड्याविषयीचे बहुतेक वाद त्याच्याकडेच जातात. मे २०२३ मध्ये प्रांताच्या लोकपालाने दिलेल्या अहवालात मंडळाकडे ३८ हजारांहून अधिक अर्ज तुंबल्याचे नमूद होते. ब्रॅम्प्टनमध्ये या दिरंगाईची झळ दोन्ही बाजूंना एकाच घरात लागते: वरच्या मजल्यावरचा मालक थकलेल्या भाड्यासाठी महिनोन्महिने सुनावणीची वाट पाहत घरकर्जाचा हप्ता भरतो, आणि तळघरातली भाडेकरू गळक्या नळाची किंवा बेकायदा बाहेर काढण्याच्या धमकीची तक्रार घेऊन त्याच रांगेत उभी असते. विषय पूर्णपणे प्रांताचा, उपाय ठाऊक असलेला, आणि तरीही तो कोणत्याच पक्षाच्या मोठ्या मजकुरात नव्हता, कारण मालकांची बाजू घेतली तर भाडेकरू दुरावतात आणि भाडेकरूंची घेतली तर मालक, असा हिशेब वर मांडला जातो. २०२५ च्या टिपणात तो बाजू न घेता मांडण्याचा प्रयत्न झाला: मंडळावर पुरेसे पूर्णवेळ निवाडा-अधिकारी नेमावेत, अर्ज दाखल झाल्यापासून सुनावणीपर्यंतची कमाल मुदत कायद्यातच लिहावी, आणि ज्यांना संगणकावरून हजर राहणे जमत नाही त्यांच्यासाठी ब्रॅम्प्टनमध्येच समक्ष सुनावणीची सोय ठेवावी. हे वाक्य पत्रकाच्या मागच्या बाजूला छापले गेले. निकालानंतर त्या मजकुराची प्रत निवडून आलेल्या आमदाराच्या कार्यालयाकडे धाडण्यात आली, तिच्यासोबत लेखी उत्तराची विनंती जोडली गेली, आणि पुढचे निवेदन मालक व भाडेकरू दोघांच्याही सह्यांनी सभागृहात सादर व्हावे यासाठी सह्या गोळा करण्याचे काम बर्फ वितळताच हाती घेण्यात आले.